पोचवायला येणाऱ्यांना आत प्रवेश नाही

११ जानेवारी २०२१, ओंगार

आयर्लंड या राष्ट्राविरुद्ध माझी पहिली तक्रार नोंदवून ठेवतो. इथे अंघोळीआधी छतातून लोंबणारी दोरी ओढावी लागते. घंटा वाजत नाही, देव पावत नाही, फक्त शॉवर गरम होतो. विसरलात तर बावन्नाव्या वर्षी आई आठवते. बाकी झकास. घर प्रल्हादचं. तो मूळचा नागपूरचा, चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. इथल्यांसारखा कपाटाला ‘प्रेस’ म्हणतो आणि माझ्या आमटीला ‘ग्रँड’. माझं ऑफिस सँट्रीला आहे म्हणे. लॉकडाऊनमुळे मी ते पाहिलेलं नाही, त्यानेही मला नाही. संबंध उत्तम राहतील.

२ फेब्रुवारी

काम असं: चीनमधल्या एका मोठ्या शहराचं रेल्वे स्टेशन, जसंच्या तसं, पण संगणकावर. शहराचं नाव घरीसुद्धा सांगायचं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. स्टेशनचा इतिहास आणि सोयी मी लिहायच्या, सोयी चालतात का तेही मीच तपासायचं. वाफेच्या इंजिनांच्या काळात पत्र्याची शेड होती. युद्धात जळाली, पुन्हा बांधली, पुन्हा पाडली, आता विमानतळाएवढा पसारा. प्रत्येक हॉलमध्ये चहासाठी उकळत्या पाण्याचे नळ. म्हाताऱ्या-आजाऱ्यांना निळ्या टोपीचे मदतनीस डब्यात नेऊन बसवतात, फार अदबीने. गाडी लागेपर्यंत गेट उघडत नाही आणि पोचवायला येणाऱ्यांना आत प्रवेश नाही. आपल्याकडे निरोपाला निम्मी आळी जाते, त्यावर हा उतारा चांगला आहे.

२६ फेब्रुवारी

मदतनीस तपासायला खोटे प्रवासी लागतात. इथले लोक ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’ लिहितात. मी पुण्याचा, संधी सोडतो होय? पार्किंगवरून माझ्या नावाची नोटीस लावणारे सोसायटीचे सेक्रेटरी दामले: चौथा हॉल, व्हीलचेअर. शेजारी उल्कावहिनी, सत्यनारायणाला आम्हाला वगळणाऱ्या. तिसरी शुभदा, माझी बायको. आयर्लंडला येणार नाही, तुझे टोमणे आता फोनवरूनच ऐकेन, असं आज दुपारी म्हणाली. लगेच बसवली. पडद्यावर तिघांच्या बोटभर आकृत्या. प्रल्हाद हसून म्हणाला, दादा, तुमची जीभ बोटांत उतरली.

१२ एप्रिल

दामले गेले. कोविड. मुलालाही स्मशानात सोडलं नाही. मी ग्रुपवर जोडलेले हात टाकले आणि कामाला बसलो. चौथ्या हॉलमधली व्हीलचेअर रिकामी. मॅनेजर म्हणाला, आपल्या स्टेशनात अजून गाडीच घातलेली नाही, कोण कुठे जाणार? चहा घे.

२० एप्रिल

उल्कावहिनी उठल्या. पुढे निळी टोपी, मागे त्या. गेटपाशी वळून पाहिलं. वळून पाहणं प्रोग्रॅममध्ये नाही. जेवायच्या आधी पुण्याहून फोन आला.

२३ एप्रिल

शुभदाला ताप. ऑक्सिजन घसरतोय, बेड मिळत नाही. मी इथून काय — नाव पुसतोय. पुसलं जात नाही. बुकिंग रद्द होत नाही, असं सोयींच्या पानावर मीच लिहिलंय. ठसठशीत अक्षरांत.

२४ एप्रिल

ती खुर्चीतून उठली. पडद्यावर. फोन लावला. धाप लागलेली. म्हणाली, कुठेतरी पाणी उकळतंय रे, गॅस कोणी चालू ठेवलाय?

रद्द होत नाही, पण प्रवासी बदलता येतो. एकाच्या जागी एक. सगळी नावं आठवली — भाऊबंद, साहेब, सोसायटी. इतकी माणसं मला नकोशी, आणि बोट एकाच्याही नावावर —

दत्तात्रय. माझंच लिहिलं.

ती परत बसली. मग खुर्चीच नाहीशी झाली.

२५ एप्रिल

मुलगी मुक्ता म्हणाली, आईचा ताप उतरला, मऊ भात खाल्ला. भात अळणी झालाय म्हणून भांडली. रडलो.

चौथ्या हॉलमध्ये एकटाच. माझाच चष्मा. गेटवरचा दिवा हिरवा —

शुभदाला सांगितलं नाही. पोचवायला निघाली असती, वेडी. आत सोडत नाहीत.

परवा प्रल्हादचं दूध संपवलं होतं. आत्ता कोपऱ्यावरून आणून त्याच्या कप्प्यात ठेवलं, आधी होतं तसंच. त्याला कळायचं नाही. जिना चढताना हातातली रिकामी पिशवी कोणीतरी घेतली, फार अदबीने, आणि आता पेनही