नऊ इंचांत एक फेरा

८ नोव्हेंबर १९३६, सौंदड.
आज स्टेशनावर चारचौघांत जंगलूला शब्द दिला. कार्तिकी पौर्णिमेच्या आत तुझं धान तुडवणारं रानडुक्कर पाडतो. नाही पाडलं, तर रायफल पेटीत, आणि कापणी होईपर्यंत मी स्वतः तुझ्या धानाच्या बांधीत बसून डबा वाजवीन. लोक खूश. जंगलूने विचारलं, डबा आताच आणून ठेवू का? भोळा माणूस.

९ नोव्हेंबर.
शास्त्र वाचलं. नळीच्या आत पीळ असतो, तो गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतो, म्हणून ती सरळ जाते. जड, लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. हलकीला सैल चालतो. हे जाणणारा तालुक्यात मी एकटाच असावा.

११ नोव्हेंबर, सकाळी.
पीळ मोजला. नळी साफ करायच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, गजाच्या वरच्या अंगाला कुंकवाचा ठिपका लावला, हळूहळू नळीत ढकलला. गज फिरत गेला. नऊ इंच आत जाता ठिपका पार खाली. नऊ इंचांत एक फेरा! घट्टच घट्ट.
नागपूरच्या दुकानदाराला लिहिलं, सगळ्यांत जड, २२० ग्रेनच्या गोळ्या पाठवा. मागे तो ११०च्या घ्या म्हणत होता. त्याला धंदा कळतो, पीळ नाही.
कुंकू सौ.च्या करंड्यातलं. सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर.
पार्सल आलं. जुन्या सुपाला चुना फासून साठ पावलांवर टांगलं. दहा झाडल्या, दोन लागल्या. वारा फार. जंगलूच्या मते पानही हलत नव्हतं. भोकं लांबट पडली. म्हणे, मालक, गोळी आडवी काऊन जाऊन राहिली? जड गोळीचा घाव मोठाच, मी समजावलं.
सूप जुनं नव्हतं, हे घरी कळलं.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ.
डुक्कर चाळीस पावलांवर. तीन गोळ्या. एक तळ्यात, एक मोहाच्या झाडात, तिसरीचा पत्ता नाही. डुक्कर निवांत खाऊन गेलं. घाबरलेलं होतं, नक्की. अर्धी बांधी आडवी झाली. जंगलू आडवं धान उचलून बघू लागला, मला फार वाईट वाटलं. रायफलीतच खोट असावी.

२७ नोव्हेंबर.
करंडा रिकामा का, म्हणून सौ.ने धरलं. नाइलाजाने सगळा प्रयोग करून दाखवला. म्हणाली, ठिपका खाली गेला तं अर्धाच फेरा झाला. जात्याचा खुंटा निघाला तिथं परत आला म्हणजे फेरा पुरा, इतकंही तुमाले समजत नाई?
पुन्हा मोजलं. अठरा इंच. पीळ सैल. दुकानदाराच्या हलक्या गोळ्याच बरोबर.
मला शंका होतीच, असं तिला सांगितलं. उद्या पौर्णिमा, आणि नव्या गोळ्या यायला आठवडा.

२९ नोव्हेंबर, जंगलूच्या बांधीत.
तिन्हीसांजेला डुक्कर आलं. डबा बडवला. शेपटी वर करून जे पळालं, ते थेट जंगलात! जंगलूची बायको फुलवंता हसून म्हणाली, मालक डब्बा लय बेस वाजवते. जंगलू म्हणाला, हेच पयले केलं असतं तं अर्धं धान वाचलं असतं.
काठी मात्र जरा हलकी वाटते. एवढ्या डब्याला किती वजनाची लागेल, ते उद्या मोजून काढतो.