खिडकी क्रमांक तीनवरील कपड्यांबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
जन्म, विवाह व मृत्यू नोंदणी कार्यालय.

विषय : खिडकी क्रमांक तीन (मृत्यू नोंद) येथे घोषवाक्याचा पिवळा टीशर्ट न घातल्याबद्दल खुलासा, व त्या अनुषंगाने एक विनंती.

संदर्भ : १) 'सहजवेश' उपक्रमाचे परिपत्रक. २) अर्जदारास बजावलेले आपले ज्ञापन.

महोदय,

उपरोक्त ज्ञापनात, 'संबंधित कर्मचारी कार्यालयात येण्यापूर्वी स्वतःच्या वेशाबाबत नेमके काय करतो,' अशी विचारणा केलेली आहे. तिचे उत्तर अर्जदार, वरिष्ठ लिपिक, खिडकी क्रमांक तीन, प्रथम सादर करीत आहे.

अर्जदार सकाळी उठल्यावर जेवणाच्या टेबलावर जुने ब्लँकेट घडी करून पसरतो आणि शर्टाला इस्त्री करतो. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, आणि पाठ सर्वांत शेवटी, कारण पाठ दिवसभर खुर्चीलाच टेकायची असते. अर्जदाराची थोरली बहीण अर्जदाराकडेच राहते. ती नेमकी त्याच वेळी त्याच टेबलावर चहाचे कप मांडू पाहते व जागा न मिळाल्याने म्हणते, "स्वतःचं लग्न ठरवलंयस आणि मला सांगितलं नाहीस, असं तर नाही ना रे?" हा विनोद ती अनेक वर्षे करीत आहे व अर्जदारही तितकीच वर्षे त्यावर हसत आला आहे. त्यानंतर अर्जदार जोडीदार हरवलेल्या एका मोज्याने बूट पुसतो, परिपत्रक निघण्याच्या थोडे आधीपर्यंत करडा कोटही घालीत असे, आणि डबा घेऊन निघतो.

वाटेत शेजारचे गृहस्थ अर्ध्या चड्डीत कुंड्यांना पाणी घालीत असतात. ते विचारतात, "काय काका, आज कोर्टात तारीख?" कोपऱ्यावरचा दुकानदार बनियनवर गल्ल्यापाशी बसलेला असतो. शाळेच्या फाटकाशी मुलांना सोडायला आलेले आईबाप झोपेतल्याच कपड्यांत असतात, गणवेशात असतात ती फक्त मुले. दवाखान्यात डॉक्टर कोण आणि रोगी कोण हे गळ्यातल्या नळीवरून ओळखावे लागते. पूर्वी घराबाहेर पडताना माणूस एकदा आरशात पाहत असे. आता आपण घराबाहेर आलो आहोत, हेच पुष्कळांच्या लक्षात येत नसावे. याबद्दल अर्जदाराची एकेकाळी मोठी तक्रार होती. ती आता अर्जदारासारखीच दमली आहे, आणि हा अर्ज त्या तक्रारीसाठी नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे.

अर्जदार ज्या खिडकीवर बसतो, तेथे येणाऱ्यांच्या पोशाखाविषयी त्याने कधीही अवाक्षर काढलेले नाही. खिडकी एकवर बाळाच्या जन्माची नोंद करायला लोक येतात, खिडकी दोनवर विवाहाची. ते ठेवणीतले कपडे घालतात किंवा घालत नाहीत, तो त्यांचा आनंद आहे. खिडकी तीनवर येणारा माणूस कपडे घालून येत नाही; कपडे त्याच्या अंगावर राहून गेलेले असतात. कुणी रुग्णालयातून थेट आलेला असतो, कुणाच्या शर्टाचे बटण एक घर चुकलेले असते, एका बाईंच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. त्यांना स्वतःचे भान नसते. म्हणून खिडकीच्या आतल्या माणसाने भान ठेवावे, एवढीच अर्जदाराच्या नीटनेटकेपणामागची भूमिका होती व आहे.

तथापि 'सहजवेश' उपक्रमामागचा आपला हेतू अर्जदाराला पटला होता, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. आपण सभेत म्हणाला होतात, "लोक आपल्याला घाबरतात हो. कोट दिसला की त्यांना वाटतं, आता हा फिरवणार." हे खरे आहे. परिपत्रक निघण्याच्या थोडेच आधी भिंतींना गिलावा करणारे एक कामगार वडिलांचा दाखला घ्यायला आले होते. हाताला सिमेंट तसेच होते. खिडकीसमोर रांग नसतानाही ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकावर बसून राहिले. अर्जदाराने बाहेर येऊन विचारले, तेव्हा ते उभे राहून म्हणाले, "साहेब कामात दिसले. म्हटलं, बोलावतील तेव्हा जाऊ." अर्जदार साहेब नाही, तो फक्त कोट होता. त्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी त्या कोटाने खाल्ली. दुसऱ्याच दिवशी अर्जदाराने कोट घरच्या कपाटात ठेवला, आणि टीशर्ट वाटले गेले तेव्हा निमूटपणे सही करून आपला घेतला.

टीशर्ट पिवळा होता व छातीवर मोठ्या लाल अक्षरांत 'हसत या, हसत जा' असे छापलेले होते. सर्वांना एकच माप आले होते. अर्जदाराला तो जवळपास गुडघ्यापर्यंत येत असे, तर विवाह खिडकीवरील लिपिकांच्या पोटावर तो इतका ताणला जाई की त्यांच्या अंगावरची अक्षरे सर्वांत आधी हसत. जन्म खिडकीवरील बाई म्हणाल्या, "आपल्याला काय, चार दिवस इस्त्री वाचली." त्यांच्या खिडकीवर ते वाक्य शोभतही असे. एक नवा बाप तर त्यांना म्हणाला की कार्यालयाने बाळाचं स्वागतच केलं. त्यात अर्जदाराला काही गैर वाटत नाही.

खिडकी तीनवर जे घडले ते असे. दोन वेगळ्या चपला घातलेल्या ज्या बाईंचा वर उल्लेख आला आहे, त्या आपल्या तरण्याताठ्या मुलाच्या मृत्यूची नोंद करायला आल्या होत्या. सोबत शेजारीण होती. बाई वाचायला उशिरा शिकलेल्या असाव्यात, कारण समोर येईल ती पाटी त्या बोट न लावता, पण ओठ हलवून वाचीत होत्या. 'चौकशी', 'थुंकू नये', 'खिडकी क्रमांक तीन'. शेजारीण कागद काढीत असताना त्यांची नजर अर्जदाराच्या छातीवर आली आणि त्यांनी तीही अक्षरे वाचली. "हसत... या. हसत... जा." अर्जदाराला वाटले, आता त्या रागावतील, आणि रागावल्या असत्या तर फार बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "तसाच होता तो. हसतच यायचा घरी." आणि जरा वेळाने, "जाताना नाही हसला." शेजारीण म्हणाली, "अगं, ते त्यांच्या कपड्यावर लिहिलंय, तुला नाही विचारलं." त्यावर बाई अर्जदारालाच म्हणाल्या, "चुकलं हां साहेब, मी मेली आपली वाचत सुटले."

महोदय, त्या बाईंनी अर्जदाराची क्षमा मागितली. अर्जदाराने नोंदवही छातीशी धरली, ती त्या जाईपर्यंत खाली ठेवली नाही. नोंद उभ्याने आणि वाकड्या अक्षरात झाली आहे व त्याबद्दल स्वतंत्र खुलासा मागितल्यास देण्यात येईल.

त्या दिवशी घरी गेल्यावर अर्जदाराने टीशर्ट धुवायला टाकला आणि झाले ते बहिणीला सांगितले. तिने तो कढत पाण्यात भिजवून ब्रशने घासला. नंतर लक्षात आले की, तिचा उद्देश मळ काढण्याचा नव्हता. अक्षरे निघाली, पण सगळी निघाली नाहीत. वाळल्यावर छातीवर फक्त 'जा' एवढे शिल्लक राहिले. ते पाहून बहीण म्हणाली, "हे तर आणखीच वाईट झालं की रे." त्या स्थितीत तो घालून मृत्यूच्या खिडकीवर बसणे अर्जदाराला शक्य झाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो साधा पांढरा शर्ट घालून, कोट न घालता, येत आहे. विचारणा झाल्यावर अर्जदाराने टीशर्ट आणून दाखवला होता, व ज्ञापनातील 'कार्यालयीन घोषवाक्याची हेतुपुरस्सर नासधूस' हा आरोप त्याच टीशर्टासंबंधी आहे. नासधूस झाली, ती हेतुपुरस्सर होती, आणि ती अर्जदाराच्या घरात झाली असल्याने जबाबदारी अर्जदाराची आहे. बहिणीचे नाव कोठेही घेऊ नये, ही विनंती.

ज्ञापनात असेही म्हटले आहे की, अभिप्राय पेटीत अर्जदाराच्या वाट्याला एकही हसरा चेहरा आलेला नाही, उलट एका नागरिकाने 'यांच्याही घरी कोणी गेलं आहे का?' असे लिहून टाकले आहे. हा शेरा प्रतिकूल धरण्यात आला आहे. अर्जदाराला तो तसा वाटत नाही. अभिप्रायासाठी ठेवलेल्या स्टिकरवर हसरा, अतिहसरा आणि बरा असे तीनच चेहरे आहेत. मृत्यूचा दाखला हातात घेतलेल्या माणसाने त्यांतला कोणता निवडावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

गेल्या आठवड्यात आपण अर्जदाराला दालनात बोलावून, दार लावून, आपुलकीने समजावलेत. "अधीक्षकपदासाठी तुमची शिफारस तयार आहे. सही तेवढी राहिलीये. नवा टीशर्ट काढून देतो, चार महिने घाला, एकदा ऑर्डर निघाली की कोण बघतंय?" अधीक्षकांच्या कपाटाच्या किल्ल्याही आपण विश्वासाने तेव्हाच सोपवल्यात. अर्जदार त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. या पदाची अर्जदाराने वाट पाहिलेली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सेवेची थोडीच वर्षे उरली आहेत व पुन्हा अशी शिफारस होणार नाही. घरी सांगितले तेव्हा बहीण म्हणाली, "कपड्यापायी कुणी स्वतःच्या पोटावर पाय देतं का?" आणि मग, "पण त्या बाईला पुन्हा यावं लागलं दाखला न्यायला, तर?" दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदार इस्त्री करायला आला, तेव्हा टेबल मोकळे होते. कप तिने ओट्यावर मांडले होते.

अर्जदाराने या गोष्टीचा त्यानंतर रोज विचार केला. अधीक्षक झाल्यावर परिपत्रकाची अंमलबजावणी सर्व खिडक्यांवर करून घेणे हे त्याचेच कर्तव्य ठरेल. म्हणजे तो स्वतः आतल्या टेबलावर शर्टात बसेल, आणि खिडकी तीनवर दुसऱ्या कुणाला तरी पिवळ्यात बसवील. हे त्याच्याने होणार नाही. लोकांनी चारचौघांत कसे कपडे घालावेत, याविषयी अर्जदाराला पूर्वी पुष्कळ मते होती. आता एकच उरले आहे. ज्याच्यासमोर माणूस आपले दुःख घेऊन उभा राहतो, त्याच्या कपड्यांनी त्या वेळी काही बोलू नये. कोटानेही नाही आणि टीशर्टानेही नाही. कोट 'थांब' म्हणाला, टीशर्ट 'हस' म्हणाला. दोन्ही वेळा बाहेरच्या माणसाला त्यांचे ऐकावे लागले.

सबब अर्जदार अधीक्षकपदाच्या यादीतून आपले नाव मागे घेत आहे व निवृत्तीपर्यंत त्याला खिडकी क्रमांक तीनवरच ठेवावे, अशी विनंती करीत आहे. तो तेथे कोट घालणार नाही, हे लिहून देतो. अक्षरे असलेले काहीही घालणार नाही, हेही लिहून देतो. बाकावर कुणी बसलेले दिसल्यास बोलावण्याची वाट न पाहता उठून बाहेर जाईल. या वर्तनाबद्दल वेतनवाढ रोखणे अथवा अन्य जी शिक्षा नियमात बसेल, ती अर्जदारास मान्य असून तिच्याविरुद्ध तो अपील करणार नाही. खिडकी एक व दोन येथील उपक्रम चालू ठेवण्यास त्याची हरकत नाही.

अधीक्षकांच्या कपाटाच्या किल्ल्या आज सकाळी आपण येण्यापूर्वी आपल्या टेबलाच्या उजव्या खणात ठेवल्या आहेत. तेथेच असलेल्या अधीक्षकपदाच्या यादीतील स्वतःच्या नावावर अर्जदाराने रेघ मारून बाजूला सही केली आहे, म्हणजे त्यात दुसऱ्या कुणाचा हात असल्याचा संशय येणार नाही.

हा अर्ज येथेच थांबवावा लागत आहे. कार्यालय अजून उघडलेले नाही, परंतु बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसले आहेत. हातात रुग्णालयाचा कागद आहे. अंगातला स्वेटर त्यांनी उलटा घातला आहे, शिवण आणि मापाची चिठ्ठी बाहेर आली आहे. अर्जदार त्यांना ते सांगणार नाही. तो त्यांना आत बोलावण्यासाठी उठत आहे.

आपला नम्र,
व यापुढेही खिडकी क्रमांक तीनचाच,

(सही)
वरिष्ठ लिपिक

दिनांक : आज, सोमवार, कार्यालय उघडण्यापूर्वी.

सोबत :
१) ज्ञापनाची प्रत.
२) पिवळा टीशर्ट, एक, धुतलेला व इस्त्री केलेला.