मोहाची झाडं ज्याची त्याची

१४ मार्च
चिचगडच्या आतल्या गावात सभा. वाघीण पिल्लं घेऊन नाल्याकडच्या रानात बसलीय, आणि नेमका आत्ताच मोह पडायला लागलाय. रेंज ऑफिसर म्हणून मी जंगल बंद करू शकते, पण या घरांचं मीठमिरची मोहफुलांवर. म्हणून तोडगा: एकेकट्याने जायचं नाही. उजाडल्यावर सगळ्या बायकांनी मिळून, रोज एकाच पट्ट्यात, सोबत वनरक्षक राऊत. नकाशावर रंगीत पट्टे आखून नेले होते. "कोणाला काही अडचण?" कोणी बोललं नाही. राऊतने परत विचारलं. गप्प. म्हाताऱ्या पाटलांनी हात जोडले, चहा झाला.
आमच्या साताऱ्याकडे अशी सभा म्हणजे अख्खी दुपार भांडण. इथली माणसं समजूतदार. खूश होऊन परतले.

१५ मार्च
दिवसभर गोंदियात मीटिंग. पाटील ऑफिसात येऊन बराच वेळ बसून गेले म्हणे. काही सांगितलं नाही. असेल काहीतरी किरकोळ.

१६ मार्च
राऊत ठरलेल्या पट्ट्यात उभा, बायकांचा पत्ता नाही. रानात मात्र झाडाझाडाखाली पाला लोटलेला, फुलं वेचून नेलेली. म्हणजे अंधारातच, एकेकट्या जाऊन आल्या! डोकं फिरलं. वाटेत फुलनबाई मडावी भेटली, डोक्यावर भरली टोपली.
"सभेत हो म्हणालात ना?"
"कोन हो म्हनलं जी?" आणि चालायला लागली.
खरंच की. हो कोणीच म्हणालं नव्हतं. पण मग बोलायला काय झालं होतं? राऊत आमगावकडचा, धानशेतीतला, कधी मोह न वेचलेला; त्याच्या मते "हे लोक असेच राह्यतात मॅडम." गावात जाऊन दम भरला, उद्यापासून टोपल्या जप्त.

१७ मार्च
वाघिणीने शांताबाईला धरलं. फुलनबाईची जाऊ. वाकून वेचत असताना, मागून. टोपली न्यायला आलेल्या नवऱ्याने आरडाओरडा केला म्हणून सोडलं. खांदा गेलाय, मानेवर दात. गोंदियाला हलवलं. जीव आहे.
टोपल्या जप्त होतील म्हणून आज सगळ्या नेहमीच्याही आधी निघाल्या होत्या. म्हणजे माझ्या दमामुळे.

१८ मार्च
दवाखान्यात गेले. शांताबाई शुद्धीवर आहे. बाहेर फुलनबाई. मला शिव्या हव्या होत्या, तिने जागा करून दिली, बसा म्हणाली. मग मीच विचारलं, एकत्र का नाही गेलात.
"मोहाचं झाड ज्याचं त्याचं असते. सासऱ्यानं दिलेलं. दुसऱ्याच्या झाडाखाली कायले उभी राहू? आमी का चोर आहो?"
घोडं इथे पेंड खात होतं. माझे रंगीत पट्टे म्हणजे गावाला एकमेकांच्या घरात शिरायला सांगणं.
"मग तेव्हाच सांगायचं ना!"
"पाहुनीच्या तोंडावर नाही कसं म्हनाव? आमी आपसात बोलतो, मग दुसऱ्या दिवशी सांगतो. पाटील आले होते सांगाले. तुमी नव्हत्या."
मौन म्हणजे संमती, असं शाळेपासून ऐकत आले. कोणाची संमती, देव जाणे.

२० मार्च
परत सभा. नकाशा नेला नाही. एवढंच म्हटलं, वाघीण हलेपर्यंत एकटीने जाऊ नका, कसं जायचं ते तुम्ही ठरवा, मी उद्या येते. त्यांचं बोलणं गोंडीत. मला शब्द कळेनात, पण भांडण ओळखू आलं. जिवात जीव आला.

२१ मार्च
उत्तर घ्यायला गेले. पाटलांनी फुलनबाईकडे बोट केलं.
"धानाच्या रोवन्याले जातो तसं. आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या. मोहालेबी तसंच. एका दिवशी एका घरच्या झाडाखाली सगळ्या, माल त्या घरचा."
बाकीच्यांची फुलं तेवढे दिवस हरणं नि अस्वलं खाणार. सगळ्यांचंच नुकसान होतं, ते सगळ्यांनी कबूल केलं. एक अट.
"रानात आमच्या समोर तुमी पायजे. राऊत नाही, तुमी."
हो म्हटलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर.
वाघीण तिथेच आहे.

२२ मार्च
दुपारी डीएफओ साहेबांचा फोन. उद्यापासून तो सगळा भाग बंद, वाघीण पकडेपर्यंत. नाक्यावर माणसं उभी करा. पाळीपाळीने वेचायचं ठरलंय हे मी सांगायला गेले तर, "आणखी एका बाईला धरलं तर जबाबदार कोण?" साहेबांचं चूक म्हणता येत नाही. मी सोबत असले म्हणून वाघीण थोडीच घाबरणार आहे! पण नाका लावला तर या बायका पुन्हा अंधारात, एकेकट्या, आडवाटेने जाणार, हेही मला माहीत आहे. "तुम्ही समजावा, तुमचं ऐकतात ते," म्हणाले.
संध्याकाळी राऊत गावातून नवी टोपली घेऊन आला. फुलनबाईने दिलीय. निरोप असा: "मॅडमले सांगा, उद्या खाली हातानं येऊ नका. पयली पाळी शांताच्या झाडाची हाये."
टोपली दाराशी ठेवलीय. अजून ओल्या बांबूचा वास येतोय.
साहेबांचं बोलणं संपलं तेव्हा मी काहीच म्हणाले नव्हते. त्यांनी ते हो धरलं असणार.