सैल झाकण

मंगळवार, ४ मार्च

ती. काका,

नमस्कार. गुडघा अजून कुरकुरतो का? माझं म्हणाल तर रेटतेय. प्रयोगशाळेतला पंखा तसाच खडखडतो आणि तुमच्या स्टुलावर आता प्रिंटर बसलाय.

आपल्या डबीला निधी मिळाल्याचं कानावर आलंच असेल. काडेपेटीएवढ्या काचेच्या डबीत यकृताचा काप आठवडाभर जिवंत राहतो, त्यावर औषधं तपासता येतात, याचं निधीवाल्यांना भारी कौतुक. अट एकच: डबी सुधारा आणि आणखी तीन प्रयोगशाळांत त्यांच्याच माणसांकडून चालवून दाखवा. नाहीतर पुढचा निधी बंद आणि माझ्याकडच्या चौघीजणी घरी.

वर्षभर वणवण केली. दोन ठिकाणी डबीला द्रावण पुरवणाऱ्या नळीत बुडबुडे अडकून काप दुसऱ्याच दिवशी मेले. डबीची रचना तीनदा बदलली, तरी तेच. 'हिच्या खोलीबाहेर चालत नाही' ही कुजबुज ऐकू यायची. खरं सांगू? थकले हो काका.

गेल्या आठवड्यात तिसरीकडे गेले, तर आठव्या दिवशीही काप ठणठणीत. तिथल्या मुलीला विचारलं, काय केलंस बाई? म्हणाली, डबीच्या खोक्यावर 'भांडारवाले काका' म्हणून अजून तुमचाच नंबर होता, त्यावर फोन केला. तुम्ही सांगितलंत, द्रावणाची बाटली आदल्या दिवशीच झाकण सैल करून उबदार कपाटात ठेव, म्हणजे बुडबुडे आधीच निघून जातात.

आमच्या लेखी पद्धतीत मीच 'झाकण घट्ट लावा' असं लिहिलंय. इथे आमच्या मुली माझ्या पाठीमागे तुमच्यासारखंच सैल ठेवतात, हे मला काल कळलं.

तुम्ही इथे बाटल्या भरायचात तेव्हा याच सैल झाकणांवरून मी तुम्हाला चारचौघांत फाडफाड बोलले होते. तुमची भांडारातली बदली 'वरून' झाली असं सांगितलं, तेही खोटं. तक्रार माझीच होती. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोपाच्या चहाला 'काम आहे' म्हणून आले नाही; काम नव्हतं, तोंड नव्हतं.

त्या मुलीला विचारलं, काका माझ्याबद्दल काही म्हणाले का? आधी सांगेना. मग म्हणाली, "म्हणाले, बाईंना कळू देऊ नकोस. त्यांना वाईट वाटेल."

शुक्रवारी निधीवाले येतायत. नव्या पद्धतीत ती पायरी तुमच्या नावाने लिहिलीय, आणि आधी मी काय लिहिलं होतं तेही. याल? नाही आलात तरी नाव राहील. हे लिहिता लिहिता उठून स्टुलावरचा प्रिंटर हलवलाय.

तुम्हाला एकदाही न विचारता झाकणं घट्ट लावणारी,
बाई