बाबा, उद्या पिकअप काढू नका

"टायर घेताना अक्कल कुठे ठेवली होतीस?" हे तुम्ही सकाळी पूर्ण गल्लीसमोर ओरडलात, म्हणून तेव्हा बोललो नाही, बाबा. आता लिहितो. उद्या क्वार्टर सोडताना सामान पिकअपमध्ये भरू नका.

दिसायला भारी म्हणून गाडी मी स्प्रिंग कापून खाली बसवली आणि वर सोळा इंची, रुंद टायर चढवले. माप घेतलं तेव्हा गाडी रिकामी होती, मडगार्डखाली चार बोटं जागा होती. काल कपाट ठेवून चौकापर्यंत नेली, तर मागचे दोन्ही टायर आतून घासून सोलवटले. बाहेरून काही दिसत नाही, पण भरल्या गाडीत वाटेतच फुटतील.

आई देव मांडीवर घेऊन पहिल्या खेपेला पुढे बसणार आहे. मी नको म्हटलं, तर म्हणते, "अरे, बाबा चालवतायत ना, मग कसली भीती?"

जुनी चाकं ज्या कबाड्याला दिली, त्यानं विकून टाकली. मंडीदीप गावात एकाकडे पंधरा इंची चाकं आहेत, पण आपल्या गाडीला बसतील की नाही, कसम से, मला माहीत नाही. दुसरं काही सुचतच नाहीये. चावी मी नेतोय. मारायचं ते आल्यावर मारा. बस आली, मंडीदीपला निघतो.