दोनांतलं एक पोस्टर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांचा एक डोळा गेला, दुसराही अधू होत चालला, तरी रोज सकाळी खुर्ची ओढून आईच्या पोस्टरसमोर बसतात, हे वाचून गलबलून आलं.

तू विचारतेस, जुन्या कागदाला लोक एवढे पैसे का मोजतात, आणि त्यावर पोट भरणारा तुझा भाऊ हुशार की लोकांना टोप्या घालणारा. तर ऐक. पोस्टर हवं ते चित्रपट पहिल्यांदा लागला त्या वेळचं. पुढे तो पुन्हा लागला की नव्याने छापतात, त्याला कुत्रं विचारत नाही. ते भिंतीवर चिकटवलेलं नको, कडा कातरलेल्या नकोत, रंग टवटवीत हवेत. पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे किती उरलीत. पोस्टर छापतात ते ऊनपावसात फाटायलाच, म्हणून जे वाचतं त्याला भाव. आपल्या पोस्टरचं तर विचारूच नकोस. नायिकेचे फोटो वेळेवर आले नाहीत म्हणून बाबांनी समोर मटार सोलत बसलेल्या आईचाच चेहरा रंगवला. छापून आल्यावर निर्मात्याने आकाशपाताळ एक केलं आणि गठ्ठेच्या गठ्ठे लगद्याला गेले. बाबांनी वाचवली ती दोनच. एक तुला दिलं, एक मला.

तुझ्या पोस्टरवर ओलीचा डाग चढतोय ना, मग ते माझ्याकडे पाठव. इथे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, फार हलक्या हाताच्या. बाबांचा वाढदिवस मे महिन्यात, त्याआधी घरी परत.

बाबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो असाच चालू ठेव.

तुझा,
बोक्या

१३ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

पोस्टर आज पाठवलं. बाबा तयारच नव्हते. घराबाहेर गेलेली वस्तू गेली तशी परत येत नाही म्हणाले. मी म्हटलं, परका का कोणी नेतोय, आपला बोक्या आहे. माझ्या शब्दावर द्या. तेव्हा कुठे खिळ्यावरून काढू दिलं.

माझ्या शिवणातलं मऊ मलमलीचं कापड आत घालून गुंडाळलंय. कडा दुमडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना कापसाच्या उशा शिवल्यात. तुझ्या लग्नातही तुला एवढं नटवलं नव्हतं. भिंतीवर आता पांढरा चौकोन उरलाय आणि बाबा त्याच्यासमोरच बसतात. मी चिडवलं, तर म्हणाले, जागा धरून ठेवतोय, नाहीतर तू तिथे कॅलेंडर टांगशील.

वेळेवर जेवत जा. आठवणीत आहोतच, तिथेच राहू दे.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. बाईंच्या कार्यशाळेत पाण्याचा पाईप फुटला. आपलं पोस्टर खालच्या खणात होतं. हाती लागला तो नुसता लगदा. दोन दिवस मी जेवलो नाही. तू विश्वासाने दिलंस आणि माझ्याच्याने सांभाळवलं नाही. बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव, माझी हिंमत नाही.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

अभागी,
बोक्या

२७ मार्च

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी जेव. पाईप काही तू फोडला नाहीस. मी पत्र घेऊन न्हाणीघरात जाऊन रडले, मग तोंड धुऊन बाबांना सांगितलं की काम बारीक आहे, वेळ लागतोय. त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही, पण तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून जीभ रेटली.

एक मनात आलंय. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची नजरही डॉक्टरांनी थोड्या दिवसांची सांगितली आहे. तेवढे दिवस तुझं पोस्टर आणशील का? शिवाय त्या बाईंकडे लगद्याचा एखादा तुकडा उरला असेल तर तो मला हवा आहे. पुढच्या आठवड्यात शिलाई मशीनचे सुटे भाग घ्यायला मी तिकडे येतेच आहे, त्यांना भेटून येईन. तू धावपळ करू नकोस.

मनाला लावून घेऊ नकोस, हा ताईचा हुकूम.

तुझी,
ताई

६ एप्रिल

बोक्या,

मी बाईंकडे जाऊन आले. तुझ्याकडे आले नाही.

पाईप कधी फुटला ते मी विचारलं, तर त्यांनीच मला विचारलं, कुठला पाईप? त्यांच्याकडे पाईप फुटलेला नाही. पोस्टर त्यांनी डाग काढून, मागे कापड चिकटवून तयार ठेवलं होतं. तू एका गिऱ्हाइकाला घेऊन आलास, दोन्ही पोस्टरं टेबलावर शेजारी शेजारी लावलीस, आणि त्यांचीच मोठी कात्री मागून माझं उभं आडवं कापलंस. बाई म्हणाल्या, "मी हात धरला, तर तुमचे भाऊ म्हणाले, घरची वस्तू आहे, बहिणीची संमती आहे."

तुकडेही तूच घेऊन गेलास. माझं मलमलीचं कापड तेवढं त्यांनी धुऊन, घडी करून ठेवलं होतं. ते घेऊन मी आले. गाडीत बसल्या बसल्या एकच विचारत होते, माझी संमती तुला कधी मिळाली?

उत्तर दे.

१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काही लपवत नाही. धंदा बुडत होता. गिऱ्हाइक म्हणालं, दोन असतील तर जोडी झाली, एकच असेल तर वाटेल ती किंमत देतो, पण दुसरं माझ्या डोळ्यांदेखत गेलं पाहिजे. माझं मुळातच स्वच्छ होतं, तुझं डाग काढून दुरुस्त केलेलं. व्यवहाराने पाहिलं तर तुझंच जायला हवं होतं. माझं ते गिऱ्हाइक घेऊन गेलं. आता जगात तेवढं एकच.

अर्धे पैसे तुझे, मी आधीपासून धरलेत. हुबेहूब नक्कल छापून पाठवतो, ती भिंतीवर लाव. बाबांना आता फरक कळणार नाही. त्यांना मात्र काही सांगू नकोस, एवढी भीक घाल.

तुझा अपराधी,
बोक्या

२२ एप्रिल

बोक्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाबांना सगळं सांगितलं. कात्रीसुद्धा.

मला वाटलं रागावतील, निदान रडतील. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मला कळलंय हे त्याला कळवू नकोस. तोंड लपवेल आणि यायचा बंद होईल."

मला त्यांचाही राग आला, तुझ्याइतकाच. पोस्टर त्यांनी माझ्या शब्दावर सोडलं होतं. तुम्ही दोघं मिळून तो शब्द गिळून बसलात आणि मी एकटी त्याला धरून राहिले. रात्रंदिवस उशाशी मी, आणि त्यांचा जीव अडकलाय तो तुझ्यात. हे मला समजतं, आणि समजून सोसत नाही. म्हणूनच त्यांचं न ऐकता तुला कळवते आहे. कळवलं, हे त्यांना मात्र सांगणार नाही.

पैसे पाठवू नकोस. नक्कलही नको. डोळे गेलेत म्हणून माणूस फसवायला मोकळा होत नाही.

वाढदिवसाला मात्र ये. त्यांच्यासमोर बस आणि पाईप फुटल्याची गोष्ट सगळी सांग, खालच्या खणासकट. ते मध्येमध्ये हं म्हणत शेवटपर्यंत ऐकून घेतील, आणि मग तुझीच समजूत घालतील.

ताई