कामिनीची नॉर्वेछाप चौकशी

असोदा, १९ मे

ती. सौ. अक्कास,

प्रेमराजचा वाकून नमस्कार (डॉक्टरांच्या धाकानं कमरेपर्यंतच). धुळ्यात तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला कसा आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला महिनाभर वाचायला बंदी (परवाच उठली), आणि तू नेमक्या नॉर्वेच्या सहा जाडजूड खूनकथा पाठवल्यास. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हिचं काही खरं नाही, असं दाजी म्हणालेच असतील. पण त्या मराठी अनुवादांनी आमच्या घरात काय केलं, ते ऐक.

वाचून दाखवायचं काम तुझ्या भावजयीकडे, कामिनीकडे आलं. तिकडच्या गावांची नावं तिच्या जिभेवर येईनात, म्हणून तिनं एकाचं भडगाव केलं, दुसऱ्याचं भुसावळ. मग गाडी सुटली. बाहेर पंचेचाळीस अंश, आत भुसावळात गुडघाभर बर्फ. तिसऱ्या दुपारी बघतो तर बाईनं पायांवर गोधडी ओढलेली. खून कुणी केला यापेक्षा तिला फौजदाराची काळजी. बायको सोडून गेलेली, लेक फोन उचलत नाही, आणि हा उभ्या उभ्या गार पाव खातो. "याला कुणी गरम भाकर तरी द्या," म्हणून ती पुस्तक मिटून बसायची. इतक्या लांबची माणसं तुला जवळची कशी वाटतात, असं मी विचारलं. म्हणाली, "चाळीस घरांचं गाव, सगळ्यांना सगळं माहीत, आणि तोंड कुणी उघडत नाही. यात लांबचं काय आहे?"

अशात आपल्या बागेतला केळीचा एक घड गेला. एरवी मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. कामिनी मात्र बागेत गेली, ठिबकच्या नळीजवळ चिखलात उमटलेलं पाऊल वितीनं मोजून आली, आणि शेजारच्या मगनला चहाला बोलावलं. पुस्तकातला फौजदार संशयिताला काही विचारत नाही, नुसता गप्प बसतो. तशीच ही बसली. (छत्तीस वर्षांत मी तिला इतकी गप्प पाहिली नव्हती. मलाच काहीतरी कबूल करावंसं वाटू लागलं.) थोड्या वेळात मगनला घाम फुटला. "वहिनी, बठ्ठं, सगळं सांगतो," म्हणाला, "गेल्या साली तुमच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर माझ्याच हातून जळाला."

गुन्हा उघडकीस आला, पण भलताच. घडाचं विचारलं तेव्हा तो माझ्याकडेच बघायला लागला. "भाऊ, तुम्हीच म्हणालात ना, घरच्या पूजेच्या दिवशी एक घड कापून ने?" ऑपरेशनच्या गडबडीत मी तसं म्हणालो होतो आणि साफ विसरलो होतो. कामिनी मला काहीच बोलली नाही. नुसती गप्प बसली. दोन दिवस.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा आरोपी,
प्रेमराज

ता. क. सहाही पुस्तकं संपली, आणि आता कामिनी स्वतःच लिहिते आहे. पहिल्याच पानावर असोद्यातल्या केळीच्या बागेत साठीतला एक विसरभोळा माणूस मरून पडलाय. मरायला माझी हरकत नाही. पण अकरा पानं झाली तरी त्याची बायको रडत नाही, साक्षीदारांना चहा देत फिरते. तू मोठी नणंद, शिवाय मराठीच्या बाई. तेवढं तिला सुचव.

आणखी एक ता. क. काही सुचवू नकोस. बारावं पान आत्ता वाचलं. फौजदार त्या बाईला विचारतो, तुमचा माणूस कसा होता? तिनं पानभर उत्तर दिलंय, आणि त्यातला एक शब्दही कामिनी मला आजवर बोललेली नाही. झेरॉक्स सोबत आहे. फोन करून नुसतं लिहीत राहा म्हण. मी वाचलंय हे मात्र सांगू नकोस, नाहीतर ते पान ती फाडून टाकेल.